माळ्यावरच्या कॅसेटमधला गेम: घरी लिहिलेले जुने स्पेक्ट्रम गेम कसे वाचवायचे

चिपळूणच्या घराचा माळा आवरताना वहिनीला बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सात कॅसेट सापडल्या. सहा गाण्यांच्या होत्या. सातवीवर निळ्या बॉलपेनने लिहिलं होतं, 'सापशिडी ४८ के. पुसू नये.' अक्षर माझ्या आतेभावाचं, दादाचं. १९८७ साली दहावीच्या सुट्टीत, मस्कतहून काकांनी आणलेल्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती कॉम्प्युटरवर त्याने हा गेम लिहिला आणि आम्ही भावंडांनी तो पूर्ण मे महिना खेळला.

दुकानात विकले गेलेले स्पेक्ट्रमचे गेम बहुतेक सगळे आज जतन झालेले आहेत. जे हरवलेत त्यांची 'बेपत्ता' म्हणून यादी असते आणि जगभरची माणसं ते शोधत असतात. दादाच्या गेमचं नाव मात्र कुठल्याच यादीत नव्हतं, कारण तो असल्याचं आमच्या घराबाहेर कुणाला ठाऊकच नव्हतं. अशा गेमची बहुधा एकच प्रत असते आणि ती एका साध्या ऑडिओ कॅसेटवर असते. ती कॅसेट हातात आल्यावर पहिल्या दिवसापासून काय करायचं, ते नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी लिहितो आहे.

थोडी ओळख

सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम २३ एप्रिल १९८२ रोजी ब्रिटनमध्ये बाजारात आला. आत झेड८० प्रोसेसर, १६ किंवा ४८ के मेमरी. पडदा म्हणून घरचा टीव्ही आणि साठवणीला घरचाच टेपरेकॉर्डर. चालू केला की थेट बेसिक ही प्रोग्रॅम लिहायची सोपी भाषा समोर यायची, त्यामुळे शाळकरी मुलंही पहिल्याच आठवड्यात काहीतरी लिहायला लागत. मासिकांत छापलेले प्रोग्रॅम टाइप करायचे, मग त्यात आपले बदल करायचे, मग स्वतःचं रचायचं, अशीच बहुतेकांची वाट. १९८३ साली 'द क्विल' नावाचं साधन आल्यावर तर प्रोग्रॅमिंग न येणारेसुद्धा शब्दांवर चालणारे साहसी गेम घरी बनवू लागले. भारतात १९८६ च्या सुमारास डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' हे परवान्याने बनवलेलं यंत्र आणलं. आखातातून, इंग्लंडमधून नातेवाइकांनी आणलेली यंत्रं होतीच. त्यामुळे आपल्याकडच्या माळ्यांवरही या कॅसेट असू शकतात.

शोधायला कुठे जायचं? आधी घरात, मग नात्यात. 'तुमच्याकडे कॉम्प्युटर होता का' असं विचारलं की लोक नाही म्हणतात. 'टेपरेकॉर्डरला जोडायचं ते यंत्र' म्हटलं की लगेच आठवतं. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा रद्दीवाल्याकडे कॅसेटचा ढीग दिसला तर हाताने लिहिलेली लेबलं वाचा. '४८ के', 'लोड' किंवा टेपरेकॉर्डरच्या काउंटरचे आकडे, जसं '०–४५', '५०–११०', असं काही दिसलं तर ती कॅसेट बाजूला काढा. आणि वह्या सोडू नका. चौकटीच्या वहीत आठ बाय आठच्या चौकोनांत रंगवलेली चित्रं दिसली, तर कुणीतरी स्वतःच्या गेमसाठी अक्षरं आणि आकृत्या घडवल्या होत्या असं समजा.

कॅसेट लगेच वाजवू नका

सगळ्यात मोठं नुकसान पहिल्या पाच मिनिटांत होतं, म्हणून यावर जरा थांबतो.

आधी फोटो काढा. डबी, आतला कागद, दोन्ही बाजूंची लेबलं, सगळं दिवसाच्या उजेडात. मग कॅसेटच्या पाठच्या कडेला दोन टोकांना ज्या छोट्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात त्या तोडा. त्या तुटल्या की चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी त्यावर काही चढत नाही. दादाने 'पुसू नये' असं लिहिलं होतं, पण पट्ट्या मात्र शाबूत होत्या.

आता खिडकीतून टेपच्या गुंडाळीच्या कडा नीट पाहा. गुळगुळीत, तपकिरी आणि एकसारख्या दिसायला हव्यात. पांढरी भुकटी किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. कोकणात आणि मुंबईत चाळीस पावसाळे काढलेल्या कॅसेटला ती लागतेच. अशी कॅसेट वाजवलीत तर बुरशी टेपरेकॉर्डरच्या हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, जाते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर. ती वेगळ्या पिशवीत ठेवा आणि टेप साफ करण्याची सवय असलेल्या माणसाकडे द्या. घरगुती उपाय करू नका, ओल्या फडक्याने तर मुळीच पुसू नका.

बुरशी नसेल तर टेपला जिथे हेड टेकतं तिथली चिमुकली मऊ गादी पाहा. जुन्या कॅसेटमध्ये तिचा गोंद सुटून ती पडलेली असते आणि तिच्याशिवाय टेप हेडला नीट चिकटत नाही. कॅसेटचं कवच स्क्रूचं असेल तर टेपची गुंडाळी जशीच्या तशी उचलून दुसऱ्या चांगल्या कवचात बसवता येते. आधी एखाद्या बिनकामाच्या कॅसेटवर हात बसवून घ्या.

शेवटी पेन्सिल चाकात घालून सैल टेप ताणून घ्या आणि कॅसेट एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे करा. वर्षानुवर्षं एकाच जागी बसलेली टेप मोकळी होते.

आवाज कॉम्प्युटरवर घेणे

स्पेक्ट्रमच्या कॅसेटवर जे असतं तो निव्वळ आवाज असतो. गेम म्हणजे एक लांब शिट्टी आणि त्यामागे खरखरीचा लोंढा. युगोस्लाव्हियात १९८३ पासून बेलग्रेडच्या 'व्हेंटिलेटर २०२' या रेडिओ कार्यक्रमात प्रोग्रॅम असेच आवाजाच्या रूपात प्रसारित होत आणि लोक ते घरी टेप करून आपल्या यंत्रावर चालवत. त्यामुळे आपलं काम ध्वनिमुद्रणाचं आहे, आणि ते जितकं स्वच्छ होईल तितकं पुढचं सगळं सोपं.

स्वस्तातले यूएसबीचे वॉकमन घेऊ नका. त्यांचा वेग डळमळतो. धड चालणारा जुना टेपरेकॉर्डर किंवा डेक मिळवा. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवून हेड आणि रबरी चाक पुसा, काडी काळी व्हायची थांबेपर्यंत. डॉल्बी (खरखर कमी करणारी सोय) बंद ठेवा. लॅपटॉपला बहुधा फक्त माइकचं भोक असतं आणि त्यात आवाज फाटतो, म्हणून लाइन-इन असलेलं छोटं यूएसबी साउंड कार्ड वापरा.

मग येतो हेडचा कोन. हेडच्या शेजारी स्प्रिंग असलेला एक बारीक स्क्रू असतो. दादाच्या टेपरेकॉर्डरचं हेड ज्या कोनात होतं, त्याच कोनात तुमचं असेलच असं नाही. कॅसेट वाजत असताना हेडफोन लावून तो स्क्रू अगदी किंचित, पाव फेऱ्याहूनही कमी, इकडेतिकडे फिरवा. खरखर गोधडीखालून आल्यासारखी वाटत असेल तर कोन चुकलाय. ती एकदम धारदार, कानाला टोचणारी झाली की थांबा. न वाचणाऱ्या कॅसेटपैकी कितीतरी माझ्याकडे एवढ्यानेच वाचल्या आहेत.

ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. ४४,१०० हर्ट्‌झ, १६ बिट, वेव्ह फाइल. एमपी३ कधीच नको, कारण एमपी३ कानाला न जाणवणारे तपशील टाकून देतं आणि स्पेक्ट्रमला नेमके तेच लागतात. आवाजाची पातळी अशी ठेवा की उंच टोकं उणे ६ डेसिबलच्या आसपास राहतील. खरखर कमी करणारं, आवाज सुधारणारं कुठलंही बटण दाबू नका. अर्ध्या तासाची एक बाजू मोनोमध्ये जेमतेम १६० एमबी होते. जागेचा विचारच करू नका.

आणि पूर्ण बाजू घ्या. पहिल्या सेकंदापासून टेप संपून बटण आपोआप वर येईपर्यंत, दोन्ही बाजू.

हे मी स्वतः चुकलो म्हणून सांगतो. दादाच्या कॅसेटवर आधी बेसिकचा प्रोग्रॅम आला, मग शीर्षकाचं चित्र आलं, आणि त्यानंतर कॅसेटवरचं आधीचं जुनं भजन ऐकू यायला लागलं. गेम संपला असं समजून मी रेकॉर्डिंग थांबवलं. घरी एम्युलेटरवर, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, चालवलं तर गेम अजून काहीतरी लोड व्हायची वाट बघत ताटकळत बसला. ब्रेक करून पुढच्या ओळीवर 'गो टू' केलं तेव्हा पट उमटला, पण घरांत आकडेच नव्हते. १०० च्या जागी 'बीएए', ४७ च्या जागी 'ईएच'. अर्धा तास मी त्याकडे नुसता बघत होतो.

मग लक्षात आलं. स्पेक्ट्रमवर २१ अक्षरं स्वतः घडवता येतात, यूडीजी म्हणतात त्यांना. प्रत्येक अक्षर आठ बाइटचं, म्हणजे सगळी मिळून १६८ बाइट. ती घडवलेली नसतील तर त्यांच्या जागी इंग्रजी ए ते यू ही मोठी अक्षरं दिसतात. दादाने पहिली दहा अक्षरं देवनागरी आकड्यांसाठी वापरली होती. ए म्हणजे ०, बी म्हणजे १. 'बीएए' म्हणजे १००. बाकीच्या अकरांत साप, शिड्या आणि सोंगट्या होत्या.

परत चिपळूणला गेलो आणि कॅसेट पुन्हा लावली. भजनाच्या दोन ओळी झाल्या आणि त्यातूनच शिट्टी सुरू झाली. पाच सेकंदांची शिट्टी, एक टिचकी, क्षणभर शांतता, पुन्हा दोन सेकंद शिट्टी, सेकंदभर खरखर. सगळी मिळून नऊएक सेकंद, आणि त्यात एका पंधरा वर्षांच्या मुलाने चौकटीच्या वहीत एकेक ठिपका मोजून बसवलेले मराठी आकडे. वेगवेगळ्या वेळी सेव्ह करताना मध्ये टेप सुटली होती आणि त्या सुटलेल्या जागेत भजन शिल्लक राहिलं होतं, एवढंच. म्हणून मध्ये गाणं आलं, कुणाचं बोलणं आलं, मिनिटभर शांतता आली, तरी थांबायचं नाही.

आवाजातून गेम काढणे

मूळ वेव्ह फाइलची आधी एक प्रत करा आणि मूळ फाइलला पुन्हा हात लावू नका. तिचा एसएचए-२५६ आकडा (फाइलच्या बोटाच्या ठशासारखा) काढून शेजारी मजकूर फाइलमध्ये ठेवा. दहा वर्षांनी फाइल तीच आहे का, ते त्यावरून कळेल.

फ्यूज हा मोफत एम्युलेटर आहे. त्याच्यासोबतच्या साधनांत 'ऑडिओ-टू-टेप' नावाचा छोटा प्रोग्रॅम आहे, तो वेव्हमधून टीझेडएक्स, म्हणजे एम्युलेटरला वाचता येणारी टेपची फाइल, बनवतो. एम्युलेटरला लागणाऱ्या स्पेक्ट्रमच्या मूळ रॉमची (यंत्रात कायमच्या बसवलेल्या प्रोग्रॅमची) काळजी नको. १९८६ साली सिंक्लेअरचा कॉम्प्युटरचा धंदा विकत घेणाऱ्या अ‍ॅमस्ट्रॅडने १९९९ मध्ये एम्युलेटरसोबत रॉम द्यायला परवानगी दिलेली आहे.

टीझेडएक्स उघडली की ब्लॉक दिसतील. साधारणपणे प्रत्येक फाइलचे दोन. पहिला १९ बाइटचा मथळा, त्यात दहा अक्षरांपर्यंतचं नाव आणि लांबी. दुसरा प्रत्यक्ष माल. प्रत्येक ब्लॉकच्या शेवटी तपासणीचा एक बाइट असतो. तो जुळला तर ब्लॉक धड आला असं धरायला हरकत नाही, तरी मी दोन वेळा वाजवून दोन्ही निकाल ताडून पाहतो. नाही जुळला तर स्पेक्ट्रमवाल्यांना झोपेतही ओळखू येणारी ओळ येते, 'आर टेप लोडिंग एरर'. तेव्हा या क्रमाने जा: हेडचा कोन पुन्हा लावा, स्टिरिओ रेकॉर्डिंग असेल तर डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी करून पाहा, ऑडॅसिटीत लहर उलटी करून पाहा, दुसऱ्या डेकवर वाजवा. एका खेपेत पहिला ब्लॉक धड आला आणि दुसऱ्या खेपेत तिसरा, तर ते जोडून एक पूर्ण टीझेडएक्स बनवता येते. मात्र असं जोडल्याचं लिहून ठेवा.

आता एम्युलेटर ४८ के वर ठेवून लोड करा. इंग्रजी 'J' ची कळ दाबली की 'लोड' हा आख्खा शब्द येतो, मग दोन अवतरणचिन्हं. कडेला लाल-निळसर पट्टे आले की शिट्टी ओळखली गेली, निळे-पिवळे आले की बाइट आत येताहेत.

गेम चालला की आनंद होतोच, पण तिथेच थांबू नका. यंत्र रीसेट करून या वेळी 'लोड' ऐवजी 'मर्ज' करा. मर्जने बेसिकचा प्रोग्रॅम आत येतो, पण आपोआप सुरू होत नाही, त्यामुळे ओळी वाचता येतात. घरगुती गेमचा खरा खजिना तिथे आहे. रेम ओळींत, म्हणजे लिहिणाऱ्याने प्रोग्रॅममध्येच केलेल्या टिपांत, नावं असतात, तारखा असतात, मित्रांचे उल्लेख असतात. फ्यूजच्या साधनांतलं 'लिस्ट-बेसिक' हे सगळं मजकूर फाइलमध्ये उतरवून देतं. पण ती मजकूर फाइल म्हणजे गेम नव्हे. दादाच्या लिस्टिंगमध्ये मराठी आकडे औषधालाही सापडणार नाहीत, ते त्या १६८ बाइटमध्येच आहेत.

फ्लॉपी असेल तर

आपल्याकडे १९९० च्या आसपासची मंडळी पीसीवरच्या जीडब्ल्यू-बेसिकमध्ये गेम लिहायची आणि ते फ्लॉपीवर असतात. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेची खाच अपारदर्शक चिकटपट्टीने झाका, म्हणजे तिच्यावर लिहिलं जाणार नाही. साडेतीन इंचीची खिट्टी सरकवून भोक उघडं करा. यूएसबी ड्राइव्ह फक्त साडेतीन इंचीचे मिळतात. सव्वापाचसाठी जुना पीसी किंवा जुन्या ड्राइव्हला जोडायचं ग्रीझविझल हे छोटं सर्किट लागतं. फाइली कॉपी करण्यापेक्षा पूर्ण डिस्कची प्रतिमा घ्या. डॉस या तेव्हाच्या पीसीच्या प्रणालीत फाइल पुसली की नावाचं पहिलं अक्षर बदलतं आणि जागा मोकळी म्हणून नोंदली जाते, मजकूर बऱ्याचदा तसाच असतो. गेमचे आधीचे कच्चे खर्डे तिथे मिळतात. जीडब्ल्यू-बेसिकची फाइल नुसती उघडली तर अगम्य दिसेल. डॉसबॉक्स या डॉसच्या एम्युलेटरमध्ये जीडब्ल्यू-बेसिक चालवून ती नावापुढे स्वल्पविराम आणि 'A' जोडून सेव्ह केली की वाचण्याजोगी होते.

माणसाला विचारा

लिहिणारा हयात असेल तर ही पायरी पुढे ढकलू नका. फोनवर विचारून भागत नाही. गेम त्याच्यासमोर चालू करा, कळा त्याच्या हातात द्या, आणि बाजूला फोन रेकॉर्डिंगवर ठेवा, अर्थात त्याला सांगून. वर्ष कोणतं, यंत्र कुणाचं, कुठल्या मासिकातून काय उचललं, कोण कोण खेळायचं, अर्धवट राहिलेलं काय. ५३ वरून साप थेट २ वर कसा येतो, असं मी दादाला विचारलं. तो म्हणाला, "अरे, तू सारखा जिंकायचास. तुझ्यासाठीच घातला होता तो." हे कुठल्याच बाइटमध्ये नाही.

परवानगीचंही तेव्हाच बोला. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार कॉम्प्युटर प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो आणि लेखकाच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षं त्याचा हक्क राहतो. दहावीतल्या मुलाने लिहिला म्हणून तो बेवारस होत नाही. लेखक नसेल तर वारसांना विचारा. दोन ओळींचं पत्र किंवा ईमेल पुरतो: गेमचं नाव, तो मोफत वाटायला आणि संग्रहात ठेवायला हरकत नाही, सही, तारीख. नाव जाहीर करायचं की नाही हेही त्यांनीच ठरवायचं. मासिकातला प्रोग्रॅम बदलून केलेला गेम असेल तर तसं स्पष्ट नोंदवा.

कुठे ठेवायचं

एका फोल्डरमध्ये हे सगळं एकत्र राहू द्या: मूळ वेव्ह, टीझेडएक्स, लिस्टिंग, खेळतानाच्या पडद्याची चित्रं, लेबलाचे आणि वहीचे फोटो, मुलाखत, परवानगी, आणि साध्या मजकुरात एक टिपण. टिपण मराठीत लिहा आणि इंग्रजीतही, कारण शोधणारा कुठूनही येईल. कोणत्या डेकवर वाजवली, काय जोडलं, काय दुरुस्त केलं, सगळं त्यात. तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या गावी. मग इंटरनेट आर्काइव्हवर चढवा आणि स्पेक्ट्रम कॉम्प्युटिंग या संग्रहाला कळवा. तिथे घरगुती, अप्रकाशित गेमची नोंदही मनापासून घेतात.

कॅसेट टाकू नका. पूर्ण गुंडाळून, डबीत, उभी ठेवा. स्पीकर आणि लोहचुंबकापासून दूर, सोबत सिलिका जेलची पुडी. पुडी दर पावसाळ्याआधी बदला.

आणि दुसरी प्रत शोधत राहा. दादाच्या शीर्षकचित्राचा ब्लॉक ६,९१२ बाइटचा आहे आणि मध्येच टेपला सुरकुती आहे. तिथे एक बिट गळला की पुढचे सगळे बिट एक घर सरकतात, त्यामुळे वरची फणा नीट उमटते आणि खाली नुसत्या रेघोट्या. चार डेक बदलून पाहिले, सुरकुतीपुढे काही जात नाही. मुलाखतीच्या शेवटी दादाला आठवलं की त्याच मे महिन्यात त्याने एक कॅसेट सांगलीच्या मित्राला भरून दिली होती. मित्राचं घर तेच आहे, माळाही आहे. पुढच्या रविवारची गाडी ठरलीय. डेक, साउंड कार्ड, कापसाच्या काड्या आणि अल्कोहोलची बाटली पिशवीत भरून ठेवली आहे.